हळदीच्या दिवसांतला पहारा

मार्केट यार्डात नवी हळद आली की सांगलीचं वारं पिवळं होतं, असं आमचे हे म्हणतात. वारं कसलं पिवळं होतंय! पण परवा रिक्षातून त्या बाजूने येताना तो वास नाकात शिरला आणि रिक्षावाला लागोपाठ तीनदा शिंकला. हळदीच्या वासाने कुणाला लग्नघर आठवतं, कुणाला आजारपणातलं दूध. मला भीती आठवते. तीस वर्षं झाली, माघ सरत आला की ती त्या वासाबरोबर दाराशी येऊन उभी राहते आणि मी तिला मुकाट्याने आत घेते.

मी मूळचीच भित्री, हे आधी कबूल करते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तो चपला घालून तयारच असतो. अंधाराची, पालीची, विजांची मात्र मला भीती नाही. पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, साठ पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प केला. मला भीती वाटते ती चालू असलेला आवाज थांबण्याची. फ्रीजची घरघर थांबली की माझ्या हातातली सुरी थांबते, ती परत सुरू होईपर्यंत मी ओट्यापाशी श्वास धरून उभी असते. वाजता फोन मी पोचायच्या आत बंद झाला की तळव्यांना घाम येतो. मुलगी लहान असताना तिच्या नाकाशी बोट धरून मी किती दुपारी बसले असेन, त्याला गणती नाही. "तुझ्यासाठी घरात पिठाची गिरणी बसवायला पाहिजे, चोवीस तास चालू," हे म्हणतात. मी हसते. गिरणीची कल्पना मला मनातून वाईट वाटत नाही.

आणि अशा बाईच्या पोटी प्राजक्ता जन्माला आली. सहा वर्षांची असताना तिला पेटीच्या क्लासला घातलं. इतर मुलं अलंकार घोटायची. ही एकच पट्टी दाबून धरायची, भाता सोडून द्यायची आणि सूर बारीक होत होत कसा विरतो ते पेटीला कान लावून ऐकायची. मी स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने धावत यायचे आणि भाता मारायचे. "आई, संपू दे ना!" ती पाय आपटायची. मी संपू देत नसे.

पुढे ती पुण्याला गेली, मग परदेशी जाऊन पाइप ऑर्गन शिकून आली. सांगलीत ऑर्गन म्हटलं की नाटकातली पायपेटी डोळ्यांसमोर येते; हा तो नव्हे. हा कपाटाहून मोठा असतो, आत बासऱ्यांसारख्या लहानमोठ्या नळ्यांची फौज, तळाशी मोठा भाता. भात्यात हवा आहे आणि पट्टीवर बोट आहे, तोवर सूर चालूच. गवयाचा श्वास संपतो, सतारीची तार निजते, पण हा सूर धरणारा धरेल तेवढा राहतो. प्राजूला नेमकं तेच हवं होतं. ती जे संगीत रचते त्यात एक सूर अर्धा तास चालतो, मग त्यात दुसरा मिसळतो, मग पाऊण तासाने पहिला निघून जातो. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते शेजारच्या खुर्चीकडे वाकून म्हणाले, "अजून सूर लावतायत, गाणं सुरू व्हायचंय." ते तिने ऐकलं आणि ती महिनाभर बापाशी बोलली नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत तिने साताऱ्याच्या कॅम्पातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये आठ तासांचा कार्यक्रम ठरवला. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. सातारा माझं माहेर. शाळेत जाताना त्या चर्चच्या भिंतीकडेने मी रोज गेले होते, पण आत असलं काही वाद्य असेल हे स्वप्नातही आलं नव्हतं. प्राजूला तेव्हा सातवा महिना लागला होता. त्याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्यामुळे आमच्या घरात त्या दिवसांत कुणी मोठ्याने शिंकतही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बसूनच वाजवायचं आहे ना, वाजवू दे. मध्ये मध्ये आडवी होत जा. म्हणून पट्ट्या धरायला पुण्याची एक मैत्रीण येणार होती. आदल्या दिवशी ती तापाने फणफणली.

"आई, तुला एक पट्टी धरून बसता येईल?" प्राजूचा फोन आला. "वाजवायचं काही नाही. नुसती धरायची. लाकडी पाचर लावूनही चालतं, पण इथल्या पट्ट्या जुन्या आहेत, पाचर लावली की आत अडकतात."

"दुसरं कुणी नाही का गं?"

"लहानपणी माझा सूर तू संपू द्यायची नाहीस. तुझ्याइतकं चांगलं कोण धरणार?"

काय सांगणार होते मी तिला? असलं धरून ठेवायचं काम एकदा माझ्याकडे आलं होतं आणि माझ्या हातून ते सुटलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

लग्न होऊन मी कडेगावजवळच्या आमच्या गावी गेले तेव्हा हळद मला मिसळणाच्या डब्यातली तेवढी माहीत. तिथं ती ढिगाने खणून काढायचे, मोठ्या काहिलीत शिजवायचे आणि खळंभर वाळत घालायचे. हे तेव्हा कोइमतूरला असायचे, विट्याच्या पाहुण्यांच्या गलाईच्या दुकानात, सोनं आटवायच्या कामावर. घरात मी, दहा महिन्यांची प्राजू, दमेकरी सासरे आणि सासूबाई. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. माझ्या भाकऱ्या जाड होतात म्हणून त्या मला दिवसातून दोनदा बोलायच्या, आणि ते खरंही होतं.

हळद शिजायच्या दिवसांतच गावात सप्ता बसायचा. सात दिवस अखंड नाम, आणि ते अखंड असल्याची खूण म्हणजे वीणा. देवळापुढच्या मांडवात एकजण ती गळ्यात घालून उभा राहतो, तार छेडत रामकृष्णहरी म्हणत राहतो. त्याचा तास भरला की दुसरा येतो, आधी वीणा धरणाऱ्याच्या पाया पडतो, मग तो लहान असो की मोठा, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. सात दिवस ती भुईला टेकत नाही. याला पहारा म्हणतात. दुपारची पंगत उठली की गडीमाणसं पेंगायला लागायची, म्हणून ती वेळ आम्हा सुनांच्या वाट्याला.

"हे बग सुमन," अक्कांनी मला बजावलं होतं, "काय बी झालं तरी वीणा खाली ठिवायची न्हाई. घर पेटलं तरी न्हाई."

चौथ्या दिवशीची दुपार. मांडवाच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडलेले, तीन म्हातारे बसल्या जागी घोरत होते. वाटेच्या पलीकडे आमचं खळं मला उभ्या जागेवरून दिसत होतं. चुलाणावर काहील रटरटत होती. बायामाणसं जेवायला गेलेली. बाभळीला प्राजूची झोळी बांधलेली आणि तिच्याजवळ भिंतीला टेकून अक्का मान खाली घालून बसलेल्या. डुलकी लागली असेल बिचाऱ्यांना, मी मनात म्हटलं. झोळी भुईपासून वीतभरच वर होती. तिच्यातून आधी एक हात बाहेर आला, मग दुसरा, मग झबल्यातलं ढुंगण. पोरगी भुईवर उतरली, इकडेतिकडे बघितलं आणि काहिलीच्या दिशेने रांगायला लागली. काहिलीचा आवाज येत होता ना! आवाजाचं वेड तिला तेव्हापासूनचं.

मी हाक का मारली नाही, हे मला अजून सांगता येत नाही. तोंडात रामकृष्णहरी होतं, ते तिथेच थिजलं. गळ्यात वीणा, पाय जड. तेवढ्यात पोरगी मध्येच थांबली, तिने एक पान तोंडात घातलं, थुंकलं, आणि पुन्हा निघाली. मी वीणा गळ्यातून काढली, खांबाशी भुईवर ठेवली आणि धावले. चुलाण दोन हातांवर राहिलं होतं तेव्हा तिचं झबलं माझ्या मुठीत आलं. तिला कडेवर घेऊन परत आले. म्हातारे घोरतच होते. वीणा होती तिथेच होती. मी ती परत गळ्यात घातली आणि तार छेडली. एकदा छेडायची तार माझ्या हातून तीनदा छेडली गेली.

त्यानंतर नवव्या दिवशी सासरे गेले. खळ्यावर हळद वाळत पडलेली होती, ती भराभरा गोळा करून लोकांना बसायला जागा केली. भेटायला आलेल्या बायकांतली एक म्हातारी म्हणाली, "सप्त्यात कायतरी चुकलं असणार. न्हाईतर चालताबोलता माणूस असा जातोय व्हय?"

दम्याच्या माणसाचा दमा वाढला, त्याला वीणा काय करणार, हे मला कळत होतं. पुढे ग्रहणाचा पाठ शिकवताना मुलांना मी हेच घसा कोरडा करून सांगितलं. पण कळतं ते वळत नाही. त्यात अक्का बदलल्या. सासरे गेल्यापासून नव्हे, सप्त्यातल्या त्या दुपारपासूनच. भाकरी जाड झाली तरी बोलेनात, माझ्या नजरेला नजर देईनात. त्यांनी पाहिलंय, माझ्या मनाने घेतलं. पुढे मी सांगलीला नोकरी धरली, हे परत आले, प्राजू मोठी झाली. अक्कांनी मला कधी एक वाकडा शब्द ऐकवला नाही. त्यांच्या त्या चांगुलपणाची मला जेवढी धास्ती होती तेवढी कुठल्या सासूच्या तोंडाची कुणाला नसेल.

तर अशी मी, जीव मुठीत धरून, गेल्या वर्षी साताऱ्याच्या त्या चर्चमध्ये सकाळी आठला पोचले.

चर्चची देखभाल करणारे शमुवेलकाका दारातच भेटले. सत्तरीचे, पांढऱ्या सदऱ्याची सगळी बटणं लावलेले. त्यांनी मला ऑर्गनच्या बाजूचा एक लाकडी दांडा दाखवला. "आता भात्याला विजेचा पंखा आहे. पूर्वी हा दांडा हाताने मारावा लागायचा. माझे वडील मारायचे. रविवारची गाणी झाली की सदरा पिळून घ्यायचे." दांड्यापाशी भिंतीवर दोऱ्याला शिशाचा एक गोळा लोंबत होता आणि त्याच्या वर भिंतीवर पेन्सिलची जुनी रेघ होती. "भात्यात हवा भरलेली असली की शिसं खाली असतं. वर चढायला लागलं की हवा सरत आली. या रेघेला पोचलं की संपली."

मी त्या शिशाकडे बघितलं ते दिवसभर बघतच राहिले.

ऐकायला अकरा माणसं होती. पुण्याची चार-पाच मुलं, शेजारच्या बंगलीतले एक निवृत्त सुभेदार, जे 'प्रवेश मुक्त' अशी पाटी वाचून आले होते, आणि कॅम्पातल्या काही बायका. त्यातल्या एकीने मटार सोलायला आणले होते. नऊला प्राजूने पहिली पट्टी दाबली. सूर इतका हळू आला की तो कधी सुरू झाला हेच कळलं नाही. आधी वाटलं बाहेर कुठे ट्रक उभा आहे, मग वाटलं आपल्याच कानात आहे, मग बाकाच्या लाकडातून तो पाठीला लागला. अर्ध्या तासाने तो सूर मला एकच एक वाटेना. त्यात लाटा होत्या. मान हलवली तरी तो बदलायचा. त्याच्या खाली मटाराचे दाणे ताटलीत टप टप पडत होते आणि वर चिमण्या होत्या. चांगलं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण चांगलं वाटलं की मला जास्त भीती वाटते.

साडेअकराला प्राजूने मान वळवून मला खूण केली. मी तिच्याजवळ गेले. तिने सूर धरलेलाच होता. माझ्या कानाशी ती पुटपुटली, "सकाळपासून हललं नाहीये गं फारसं. झोपलं असेल. मी जरा आडवी होते."

 तिने सहज म्हटलं होतं, पण तिच्या कपाळावरचा घाम सहज नव्हता. आधी दोन्ही वेळा आम्ही असंच, काही नसेल, म्हटलं होतं. आता बसायचं, बोट ठेवायचं, आणि या बाईच्या हातून हे सुटता कामा नये. त्या घाईत, त्या भीतीत माझे हात तीस वर्षांपूर्वी जे शिकले होते तेच त्यांनी केलं. पहारा घेण्याआधी मी वाकून माझ्या लेकीच्या पाया पडले.

ऑर्गनच्या बाकाखाली, वाजवणाऱ्याच्या पायांशी लाकडी फळ्या असतात. त्याही पट्ट्याच, पायाने दाबायच्या, सगळ्यात खर्जाच्या. माझा पंजा तिच्या पायावर न पडता नेमका एका फळीवर पडला. असा घुमला तो खर्ज की खिडक्यांच्या काचा थरथरल्या, चिमण्या भर्रकन उडाल्या आणि मटारवाल्या बाईंची ताटली खाली आली. सुभेदार तर उठून उभेच राहिले.

"आई! पाया काय पडतेस!" प्राजू दबक्या आवाजात ओरडली. मी हात काढून घेतला. मग माझं बोट तिच्या बोटावर आलं, तिने आपलं बोट खालून अलगद सरकवून घेतलं आणि ती मागच्या लहान खोलीत गेली. सूर तुटला नव्हता.

एका बोटाने एक पट्टी धरायला काय लागतं? पाच मिनिटं काहीच लागत नाही. दहाव्या मिनिटाला बोट आपलं राहत नाही. विसाव्या मिनिटाला वाटतं, आपण पट्टी दाबलेली नाही, पट्टीनेच आपल्याला धरून ठेवलंय. माझं सगळं लक्ष मागच्या खोलीकडे होतं. हललं असेल का? डाव्या कुशीवर झोपली असेल ना? आणि डोळे शिशावर. ते खाली होतं, शांत. बोट सुटलं नाही तर बाळ हलेल, सुटलं तर... पुढचं वाक्य मी मनातही पुरं करत नव्हते. भूगोलाची बाई होते मी आणि साताऱ्यात बसून बोटाच्या जोरावर पोटातलं पोर सांभाळत होते.

मग जमिनीखालचं काहीतरी थांबलं. सूर चालू होता, पण त्याच्या तळाशी सकाळपासून जी बारीक गुणगुण होती ती गेली. फ्रीज बंद पडल्यावर कळतं तसं मला ते कुणाच्याही आधी कळलं. वीज गेली होती. पंखा थांबला होता. सूर आता भात्यात उरलेल्या हवेवर होता. शिसं दोऱ्यावरून वर सरकायला लागलं.

शमुवेलकाका बाहेर फाटकाशी गेलेले. मी दांडा मारायला उठले तर पट्टी सुटणार. नाही उठले तर हवा संपणार. ओरडावं तर तोंडातून आवाज निघेना, अगदी त्या दुपारसारखा. शिसं चढत चढत रेघेपासून वीतभरावर आलं. चार बोटं. आणि त्या क्षणी मागच्या खोलीत काहीतरी धाडकन पडलं.

मी बोट उचललं आणि धावले. माझ्यामागे सूर थांबला. एवढ्या वेळाने आलेली ती शांतता मला पाठीवर धक्का दिल्यासारखी लागली.

प्राजू खाटेच्या कडेवर बसली होती. स्टीलची पाण्याची बाटली जमिनीवर गडगडत होती. तिचे दोन्ही हात पोटावर होते आणि डोळे विस्फारलेले.

"काय झालं? प्राजू, काय झालं?"

तिने माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आतून लाथ आली. एक, मग लगेच दुसरी, चांगली सणसणीत.

"सूर थांबला तसं सुरू झालं बघ," ती म्हणाली. "सकाळपासून निवांत ऐकत पडलेलं. बंद पडल्याबरोबर भांडायला उठलंय."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. तिला वाटलं मी सूर सुटल्याबद्दल रडतेय. "अगं, वीज गेली त्याला तू काय करणार," ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. तेवढ्यात बाहेरून लाकडाची करकर ऐकू आली.

आम्ही गेलो तर सुभेदार बाह्या सरसावून दांडा मारत होते. शिसं हळूहळू खाली उतरत होतं. मला बघून म्हणाले, "तुमी बसा मॅडम. ही ड्यूटी आमची." प्राजू बाकावर बसली आणि तिने तीच पट्टी पुन्हा दाबली. बाकीची माणसं आपापल्या जागी तशीच बसून होती. मध्ये पडलेला तो खंड त्यांना कार्यक्रमातलाच वाटला होता. एक पुण्याचा मुलगा नंतर मला म्हणाला, सगळ्यात सुंदर भाग तो होता.

वीज पाचपर्यंत आली नाही. वीस मिनिटांनी मटारवाल्या बाई उठल्या, पदर खोचला आणि दांड्यापाशी गेल्या. दांड्याला हात लावून तो हात त्यांनी कपाळाला लावला, मग सुभेदारांच्या हातून दांडा घेतला. त्यांच्यामागून दुसऱ्या आल्या, त्यांनीही तसंच केलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शमुवेलकाका दाराशी उभे राहून बघत होते. "आमच्यात असं नसतं," ते मला म्हणाले. मी ओशाळले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पण असू द्या." चारच्या सुमाराला त्यांनी स्वतः दांडा घेतला, तेव्हा सदऱ्याचं वरचं बटण पहिल्यांदा काढलं.

परतीच्या वाटेवर, कराड मागे पडून मलकापूर आलं तेव्हा, मी प्राजूला सगळं सांगितलं. वीणा, काहील, झबलं, आजोबा.  बाहेरून उसाचे ट्रॅक्टर जात होते.

"हे अक्कांना सांगितलंस?"

"वेडी आहेस का?"

"सांग," एवढंच म्हणाली.

सांगायला मला एक वर्ष लागलं. मे महिन्यात सई झाली. बारशाला अक्का गावाहून आल्या, पण त्यांनी पणतीला मांडीवर घेतलं नाही. "माजं हात थरथरत्यात," म्हणाल्या आणि लांबूनच कानशिलावर बोटं मोडली. मला वाटलं, माझ्या हातचं काहीच त्यांना नको आहे.

परवा रिक्षात तो वास आला आणि सई नेमकी दहा महिन्यांची होत आली आहे हे लक्षात आलं. रविवारी तिला घेऊन आम्ही गावी गेलो. खळ्यावर आता काहील नाही. ट्रॅक्टरला जोडून वाफेचा कुकर येतो, तासाभरात हळद शिजवून जातो. पण वास तोच. अक्का दारात खुर्चीवर बसल्या होत्या, शहाऐंशी वर्षांच्या, वाळून एवढ्याशा झालेल्या. प्राजू आणि हे कुकर बघायला गेले. सई आमच्यापुढे सतरंजीवर. मी तिच्यावरची नजर न काढता बोलून टाकलं. वीणा मी खाली ठेवली होती अक्का, तीस वर्षांपूर्वी, पहाऱ्यात. वाटलं, आता आभाळ कोसळणार.

"मला ठाव हाय," अक्का म्हणाल्या.

आभाळ कोसळलं नाही. बाहेर कुकरची वाफ फुसफुसत होती.

"तुजा सासरा तर दरसाल पहाऱ्यात वीणा खुंटीला लावून बिडी वडायला जायचा. दमा असून. त्याचं काय वाकडं केलं देवानं? तो गेला त्याच्या छातीनं." त्यांनी सईकडे बघितलं. "तू ठिवलीस ती ठिवलीस. परत घ्येतलीस न्हवं? मग झालं तर."

तीस वर्षं ज्या धोंड्याखाली मी वाकून चालले तो त्या बाईने बिडीच्या थोटकासारखा फेकून दिला. मला हसू आलं आणि लगेच रागही आला. "मग इतकी वर्षं माझ्याशी धड बोलला का नाहीत? मान वर करून बघितलंसुद्धा नाहीत."

अक्कांनी पदर तोंडाशी नेला.

"मी जागी व्हते, सुमन."

मला कळलं नाही.

"त्या येळंला. मी जागी व्हते. पोरगी झोळीतनं उतरल्याली मी बगितली. चुलाणाकडं चालल्याली बगितली. आन् माजं पायच उचललं न्हाईत. हात बी न्हाई, तोंड बी न्हाई. लय भ्या वाटलं गं. मी मान तशीच खाली ठिवली. म्हनलं, आता काय व्हईल ते बगायला नगं." त्यांचा आवाज बारीक झाला. "तू आलीस म्हून. न्हाईतर... मी कोणच्या तोंडानं तुज्याकडं बगणार व्हते?"

भित्री मी एकटीच होते असं मी आयुष्यभर समजत आले. माझ्या समोर, माझ्यापेक्षा दुप्पट भ्यालेली बाई तीस वर्षं मान खाली घालून बसलेली होती आणि मला तिची डुलकी वाटली होती.

कुकरचा आवाज बंद झाला. माझे कान टवकारले, सवयीने. सई सतरंजीवरून उतरून खुर्चीपाशी गेली होती, अक्कांच्या लुगड्याचा काठ धरून उभी राहायला बघत होती. मी तिला उचललं.

"धरा अक्का."

"नगं, नगं गं. माज्या हातात ताकद न्हाई. सुटली म्हंजे?"

"सुटली तर परत घेऊ," मी म्हटलं आणि सईला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

अक्कांनी दोन्ही हातांनी तिला धरलं. हात खरंच कापत होते. मी खुर्चीशेजारी भुईवर बसले आणि माझा हात त्यांच्या हाताखाली धरून ठेवला.